उजवीकडचं पुढचं दार

नम्रताने गाडी घ्यायचं ठरवलं तेव्हा घरातून विरोध असा झाला नाही. विरोध करायला घरात माणसंच फार नव्हती. सलिल, तिचा नवरा, कंपनीच्या कामासाठी वर्षभर अमेरिकेत होता आणि शनिवारी सकाळी स्काइपवर दिसायचा. राहिल्या सासूबाई. मंदाकिनीबाई मुलींच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. उंची पाच फुटांच्या बऱ्याच आत आणि बोलणं मोजकं. शोरूममध्ये त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं आणि म्हणाल्या, "रंग बरा आहे. धूळ दिसणार नाही."

नम्रता मूळची यवतमाळची. नारायण पेठेत सून म्हणून आल्यावर तिला समजायला थोडा वेळ लागला होता, पण आता माहीत होतं की या घरात 'बरा आहे' याच्यावर प्रशस्ती नसते. ती खूश झाली. हिंजवडीला कंपनीच्या बसनं जाता-येता तिचा जीव मेटाकुटीला यायचा. तिनं मुद्दाम ही छोटी एसयूव्ही निवडली होती, कारण तिच्यात उंचावर बसता येतं, खड्डे बोचत नाहीत, आणि दिवाळीत यवतमाळपर्यंत जायचं म्हटलं तरी कंबर शाबूत राहते.

पण त्या दिवशी शोरूममधून घरी आल्यानंतर मंदाकिनीबाई गाडीत बसेनात.

पहिल्यांदा म्हणाल्या, "बाजारात कशाला गाडी? चालत जाते." मग दातांच्या डॉक्टरांकडे जायचं होतं, तर म्हणाल्या, "तिथे पार्किंग नाही." तेही खरंच होतं. मग एरंडवण्यातल्या कार्यालयात एका चुलत नातवाची मुंज आली. तिथे पार्किंग होतं, ऊन होतं, दोघी एकाच ठिकाणी निघालेल्या. नम्रता पैठणी नेसून गाडी काढून उभी, आणि मंदाकिनीबाई कोपऱ्यावर हात करून रिक्षा थांबवताहेत.

"आई, अहो, गाडी आहे ना!"

"आहे ना. तू ये तिच्यातून. गुडघा दुखतोय माझा, मला ते चढणं व्हायचं नाही."

मग पुढे रिक्षा आणि मागे नवीकोरी गाडी, अशी ती वरात एरंडवण्यात पोचली. दारात गुलाबपाणी शिंपडणाऱ्या चुलतसासूबाईंनी आधी रिक्षातून उतरणाऱ्या जावेला पाहिलं, मग गाडीतून उतरणाऱ्या सुनेला पाहिलं, आणि भुवया अशा वर केल्या की नम्रताला जेवणात जिलबीसुद्धा गोड लागली नाही.

गाडी घेतल्यावर तिनं एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये नाव घातलं होतं. तिच्यासारखीच छोटी एसयूव्ही असलेले पुण्यातले मालक त्यात होते. ग्रुप चालवणारा शुभंकर हिंजवडीतच, तिच्या शेजारच्या इमारतीत काम करायचा. दिवसभर तिथे प्रश्न यायचे. रुंद टायर घातले तर ॲव्हरेज किती पडेल? पिवळे फॉगलॅम्प बसवले तर वॉरंटी जाते का? सस्पेन्शनला रबरी ठोकळे घालून गाडी आणखी उंच करता येईल का? हा शेवटचा प्रश्न सगळ्यांचा लाडका. ज्याची त्याची गाडी वर न्यायची घाई. शुभंकरनं तर आपल्या गाडीला एवढे मोठे टायर घातले होते की पूर्ण वळण घेतलं की ते चाकावरच्या पत्र्याला घासून रडायचे.

मुंजीच्या दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत नम्रतानं तिथे विचारलं, "माझ्या सासूबाईंची उंची कमी आहे, गुडघा दुखतो. त्यांना गाडीत चढता येत नाही. गाडी थोडी खाली करता येईल का?"

ग्रुपवर एकदम शांतता पसरली. लग्नाच्या पंगतीत कुणी भाकरी मागावी तशी.

मग उत्तरं आली. "ताई, एसयूव्ही घेऊन खाली कोण करतं?" "सेडान घ्यायची होती." "प्लास्टिकचं स्टूल ठेवा, आमची आजी तसंच करते." कुणीतरी नुसताच हात जोडल्याचं चित्र पाठवलं. शुभंकरनं मात्र नीट उत्तर दिलं. स्प्रिंगा कापून गाडी खाली करू नका, ब्रेक मारल्यावर गाडी कशी वागेल सांगता येत नाही. त्याऐवजी दोन्ही बाजूंना दाराखाली पायरी बसवून घ्या, ॲल्युमिनियमची मिळते, दिसतेही झकास.

नम्रतानं त्याच शनिवारी पायरी बसवून घेतली. खरंच झकास दिसत होती. संध्याकाळी तिनं सासूबाईंना खाली बोलावलं. मंदाकिनीबाईंनी मागचं डावं दार उघडलं, वरच्या मुठीला धरायला हात उंचावला, तो पोचला नाही. मग सीटच्या पाठीला धरून त्यांनी उजवा पाय पायरीवर ठेवला, अंगाचा भार त्यावर टाकला आणि तिथेच थांबल्या. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही त्यांनी. फक्त पाय हळूच परत जमिनीवर आणला. पायरीवरची दिवसभराची धूळ तेवढ्यात साडीच्या काठाला लागली.

"पायरी चांगली आहे," साडी झटकत त्या म्हणाल्या. "एखाद्या देवळाला देऊन टाक."

नम्रताचा दिवसभराचा उत्साह एकदम आटला आणि त्याच्या जागी मुंजीपासून साठलेलं सगळं वर आलं. "आई, सरळ सांगा ना. तुम्हाला माझ्या गाडीत बसायचंच नाहीये. मी कोणाला न विचारता ठरवली, माझ्या आवडीची घेतली, म्हणून. रिक्षात चढताना दुखत नाही तुमचा गुडघा!"

इमारतीखाली, सायकली आणि स्कुटरींच्या मधोमध, दोघी उभ्या राहिल्या. पहिल्या मजल्यावरच्या खिडकीत कुणीतरी रेडिओचा आवाज कमी केला.

"वर चल," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

वर जाऊन त्यांनी आधी चहा टाकला. मग ओट्याला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"शोरूममध्ये तू पलीकडे फोटो काढून घेत होतीस," त्या म्हणाल्या. "मी चढायला गेले आणि मधेच अडकले. एक पाय आत, एक बाहेर. तो मॅनेजर होता ना, तो जाडा, टायवाला. तो आला आणि 'चला आजी' म्हणून त्यानं मला मागून ढकललं. दोन्ही हातांनी. पोतं ट्रकमध्ये चढवतात ना, तसं. आणि सगळे टाळ्या वाजवत होते. गाडीसाठी वाजवत होते, माहीत आहे मला. पण मी तशी आत गेले."

नम्रतानं हातातली गाडीची किल्ली ओट्यावर ठेवली.

"पस्तीस वर्षं वर्गात उभी राहिले मी. मला कुणी बोटसुद्धा लावलं नव्हतं. गाडी चांगली आहे गं तुझी. तू एकटीनं घेतलीस याचं मी सगळ्यांना सांगते. पण ते परत नको."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगण्यासारखं होतं का ते?" चहा उतू जायला आला होता, तो त्यांनी उतरवला. "आणि रिक्षाचं म्हणशील तर तिची बैठक खाली असते. आधी टेकायचं आणि मग पाय आत घ्यायचे. कुणाची मदत लागत नाही."

नम्रता कपात बिस्कीट बुडवून विसरून गेली. ते तळाशी गेलं. तिला शोरूमच्या त्या मॅनेजरचा मनस्वी राग आला होता, आपल्या बोलण्याची लाज वाटत होती, आणि या दोन्हींच्या मागे 'आधी टेकायचं आणि मग पाय आत घ्यायचे' हे वाक्य डोक्यात फिरत होतं.

ड्रायव्हरच्या सीटला एक दांडी असते. ती खालीवर केली की सीट खालीवर होते. तशी दांडी डावीकडच्या पुढच्या सीटला बसवली तर? सीट खाली घ्यायची, आई टेकतील, मग पाय आत. तिनं लगेच ग्रुपवर प्रश्न टाकला. या वेळी कुणी चेष्टा केली नाही, कारण प्रश्नात मोडतोड होती. बराच खल झाला. कुणी म्हणालं होईल, कुणी म्हणालं दांडी उलट्या बाजूला येईल आणि दाराऐवजी मधल्या हँडब्रेकला अडेल. शेवटी हिंमतराव नावाच्या सभासदानं लिहिलं, "गाडी आणि आई दोन्ही घेऊन या. न बघता सांगणार नाही." हिंमतरावांचा बिबवेवाडीत गाड्यांच्या सीटा बनवायचा कारखाना होता आणि त्यांची स्वतःची गाडीही हीच होती.

रविवारी सकाळी गाडी बिबवेवाडीला गेली आणि तिच्या पुढे, नेहमीप्रमाणे, रिक्षा.

हिंमतराव पन्नाशीचे, पोट सुटलेले, बोलायला उत्साही. कारखान्याच्या फाटकाशी सीटांचे सांगाडे रचून ठेवलेले होते आणि आत शिलाई मशिनांचा आवाज चालू होता. त्यांनी डावीकडची सीट वाकून, झोपून, टॉर्च मारून पाहिली. मग उठून हात पुसले.

"बसवता येईल. पण मी बसवणार नाही."

"म्हणजे?" नम्रता म्हणाली.

"सांगाडा कापून वेल्डिंग करावं लागेल. रोज चालेल. पण धडक बसली आणि ते वेल्डिंग सुटलं तर सीट माणसासकट पुढे जाईल. आईंना असं बसवायचं नाही आपण." त्यांनी क्षणभर विचार केला. "असं करा आई, तुम्ही मागे उजवीकडून बसून बघा. तिकडून सोपं जाईल."

मंदाकिनीबाई गाडीकडे बघत उभ्या होत्या. त्यांनी पर्स नम्रताच्या हातात दिली आणि पदर खोचला. "एकच दार कशाला? चारही बघू. प्रात्यक्षिक म्हटलं की सगळं करायचं."

मागचं डावं दार: पाय पायरीवर, पुढे नाही. पुढचं डावं: दार मोठं उघडतं म्हणून बरं, पण पुन्हा उजवा पाय आधी आत न्यावा लागतो आणि तो गुडघा भार घेत नाही. मागचं उजवं: इथे डावा पाय आधी जातो, तो धड आहे. मंदाकिनीबाई जवळजवळ चढल्या, पण धरायला काही नव्हतं आणि दार एवढंसंच उघडत होतं. हिंमतराव आधार द्यायला पुढे झाले. "हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या, आणि हिंमतराव वर्गात उभं केल्यासारखे मागे सरकले.

राहिलं चौथं दार. नम्रतानं ते उघडलं, दांडीनं ड्रायव्हरची सीट अगदी तळाला नेली आणि बाजूला झाली. मंदाकिनीबाईंनी एका हातानं स्टिअरिंग धरलं, डावा पाय आत ठेवला, सीटवर टेकल्या आणि उजवा पाय अलगद आत घेतला. सगळं एवढ्या सहज झालं की शिलाई मशिनवरच्या दोन बायका हसून बघायला लागल्या.

"झालं की," मंदाकिनीबाई म्हणाल्या. आतून त्यांचं फक्त कपाळ दिसत होतं.

"आता ती दांडी वर ओढा, आई," हिंमतराव बाहेरून म्हणाले. "हापशासारखी. वर, खाली, वर."

त्यांनी दांडी हापसली. कपाळ वर आलं, मग चष्मा, मग नाक, मग सगळा चेहरा. आणखी दोनदा हापसून त्या थांबल्या. समोर काच होती, काचेपलीकडे कारखान्याचं फाटक, फाटकापलीकडे रस्ता. रस्त्यावर एक रिकामा, उघड्या हौद्याचा टेम्पो उभा होता, त्याच्या पलीकडे भाजीची गाडी होती, त्याच्याही पलीकडे क्रिकेटच्या बॅटी घेतलेली मुलं बसची वाट बघत होती. मंदाकिनीबाईंना ते सगळं दिसत होतं. मिरवणुकीत, सभेत, नाटकाच्या रांगेत त्यांनी आयुष्यभर लोकांच्या पाठी पाहिल्या होत्या. टेम्पोच्या वरून पलीकडचं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

बराच वेळ त्या उतरेनात.

"आई?" नम्रतानं काचेवर टकटक केली.

"मी इथेच बसेन म्हणते."

"अहो, पण तिथे बसणाऱ्याला गाडी चालवावी लागते."

"मग शिकव."

नम्रताला वाटलं थट्टा चाललीय. पण सासूबाई थट्टा करताना चेहरा कोरा ठेवायच्या, आणि आत्ता त्या चक्क हसत होत्या.

शनिवारी स्काइपवर सलिलनं ऐकलं आणि आधी त्याला वाटलं की आवाज तुटतोय. "आई, काय म्हणालीस? ड्रायव्हिंग? तू? लक्ष्मी रोडवर?"

"लक्ष्मी रोडवर पार्किंग मिळत नाही. बाकीचे रस्ते आहेत."

"आई, तू बासष्ट वर्षांची आहेस!"

"माहीत आहे मला. तुझ्या जन्माच्या वेळी मी हजर होते, हिशेब येतो." मग जरा मऊ आवाजात म्हणाल्या, "डॉक्टरांना विचारलंय रे. उभं राहून भार टाकला की गुडघा दुखतो. बसून दाबायला काही होत नाही. क्लच डाव्या पायानं असतो आणि तो पाय माझा चांगला आहे."

सलिलनं बायकोकडे पाहिलं. नम्रता स्क्रीनच्या कोपऱ्यात बसून दोन्ही हातांनी तोंड झाकून हसत होती. "तू हिच्या नादाला लागलीस?" त्यानं विचारलं. नेमकं कोणाला विचारलं हे त्याचं त्यालाही ठरवता आलं नसतं.

संगम पुलाजवळच्या आरटीओतून शिकाऊ परवाना निघाला. ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांची गाडी जुनी, बुटकी हॅचबॅक होती. मंदाकिनीबाई तिच्यात आरामात बसल्या, आणि मास्तरांनी स्वाभाविकपणे विचारलं, "मॅडम, मग हीच गाडी का नाही घेत? तुमच्या मापाची आहे."

"मापाच्या वस्तू खूप वापरल्या," त्या म्हणाल्या. "गिअर दाखवा."

मास्तरांकडे आठवडाभर शिकून झाल्यावर खरी शिकवणी सुरू झाली, नम्रताची. रविवारी सकाळी हिंजवडीचे आतले रस्ते रिकामे असतात. दोन्ही बाजूंना काचेच्या इमारती, रखवालदार सोडले तर माणूस नाही. आधी नम्रता गाडी नेऊन उभी करायची. मंदाकिनीबाई मागून यायच्या, अजूनही रिक्षातूनच. मग जागा बदलायची. पहिल्या दिवशी गाडी सहा-सात वेळा झटके देऊन बंद पडली. एका रखवालदारानं शिट्टी वाजवली. नम्रता ओरडायची, "आई, क्लच हळू, हळू!" आणि मंदाकिनीबाई म्हणायच्या, "ओरडू नकोस. ओरडून कुणालाही काही येत नाही. मी बघितलंय." दुसऱ्या रविवारी त्यांनी एक पूर्ण फेरी मारली. वळणावर स्टिअरिंग फिरवताना त्या ओठ घट्ट मिटायच्या आणि वळण सरळ झालं की 'हं' म्हणायच्या. त्या 'हं'मध्ये एवढं समाधान असायचं की नम्रता तेवढ्यासाठी वळणांचे रस्ते शोधायला लागली.

अडचण होती ती पायांची. समोरचं नीट दिसावं म्हणून सीट वर घ्यावी, तर पाय पेडलला पुरायचे नाहीत. सीट पुढे घ्यावी, तर स्टिअरिंग छातीशी यायचं. मंदाकिनीबाई म्हणाल्या, "त्या तुझ्या ग्रुपमध्ये मला घे. माझे प्रश्न मी विचारीन."

ग्रुपमध्ये आल्या आल्या त्यांनी शुद्ध मराठीत, पूर्णविरामांसकट, आपली उंची, पायांची लांबी आणि सीटपासून स्टिअरिंगपर्यंतचं अंतर लिहून विचारलं, "सदर परिस्थितीत काय करावे?" पोरं आधी चपापली, मग तुटून पडली. एकानं पेडलवर लाकडी ठोकळे बांधायला सांगितलं. मंदाकिनीबाईंनी विचारलं, "ठोकळा निसटून ब्रेकखाली गेला तर गाडी कशी थांबवावी? आपण स्वतः बांधले आहेत का?" त्यानं बांधले नव्हते. दुसऱ्यानं लिहिलं, सीट तळाला ठेवा आणि स्टिअरिंगच्या मधून बघा. "मधून हॉर्न दिसतो," असं उत्तर गेलं. हिंमतरावांनी मात्र काम केलं. त्यांनी टणक फोमची एक गादी अशी कापून दिली की मागून उंच आणि पुढे मांडीखाली उतरती, म्हणजे पाय वीतभर जास्त खाली पोचतात, आणि स्टिअरिंग जितकं खाली वाकतं तितकं वाकवून दिलं. शिवाय जाड तळव्याचे, पण न घसरणारे बूट. मंदाकिनीबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा साडीवर कॅनव्हासचे बूट घातले आणि तशाच भाजी घेऊन आल्या.

ग्रुपला त्यांची चटक लागली. कुणी नवा प्रश्न टाकला की आधी मंदाकिनीबाईंचा प्रश्न यायचा, "हे कशासाठी करावयाचे आहे?" आणि गंमत म्हणजे निम्म्या लोकांना उत्तर देता यायचं नाही. शुभंकरनं एकदा मोठ्या टायरांचा विषय काढला तेव्हा त्यांनी लिहिलं, "वळणावर तुमची गाडी रडते असे ऐकले. तिला काय झाले आहे?" पुढच्या महिन्यात शुभंकरनं मूळ मापाचे टायर परत बसवले. बोलला मात्र नाही. नम्रतानं जेवणाच्या सुट्टीत पार्किंगमध्ये पाहिले.

परवान्याच्या परीक्षेत त्या पहिल्या वेळी नापास झाल्या. उलटी गाडी घेताना खांबाला लागली. घरी येऊन त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही, दार लावून पडून राहिल्या. नम्रता ऑफिसातून आली, तिनं दारावर टकटक केलं आणि दाराबाहेरूनच म्हणाली, "आई, मी यवतमाळात दोनदा नापास झाले होते. दुसऱ्यांदा तर इन्स्पेक्टरच्या मोटारसायकलला धडक दिली होती."

आतून विचारणा झाली, "त्याची पडली का?"

"पडली ना. आरसा फुटला."

दार उघडलं. मंदाकिनीबाईंचे डोळे लाल होते, पण तोंडावर हसू होतं. "हे लग्नाआधी सांगायला हवं होतंस," त्या म्हणाल्या. पुढचे दोन आठवडे दोघींनी हिंजवडीत नुसती उलटी गाडी चालवली. रखवालदार आता शिट्टी वाजवत नव्हता. तो मागे उभा राहून 'येऊ द्या, येऊ द्या' करायचा. दुसऱ्या परीक्षेत त्या पास झाल्या. इन्स्पेक्टरनं सही करताना म्हटलं, "जपून चालवा हं आजी." आणि त्याला सांगण्यात आलं की जपून सगळ्यांनीच चालवायचं असतं.

सलिल परत आला तो डिसेंबरात, एका प्रसन्न, गार सकाळी. लोहगावच्या विमानतळाबाहेर तो सामानाची ढकलगाडी ढकलत आला तेव्हा त्याला आधी आपली गाडी दिसली, जी त्यानं फक्त फोटोत पाहिली होती, आणि मग तिच्याशेजारी उभी नम्रता. सामान मागे टाकून झालं. बायकोला मिठी मारावी की नको अशा घोटाळ्यात तो क्षणभर उभा राहिला, शेवटी तिनंच मारली. मग तो सवयीनं उजवीकडच्या पुढच्या दाराशी गेला. काच खाली झाली.

"मागे बस," आई म्हणाली. "आणि पट्टा लाव."

"आई, अगं, तू इथपर्यंत..."

"चालत आले का मी? बस लवकर, मागचा हॉर्न वाजवतोय."

तो मागे बसला. खाकरून त्यानं पट्टा लावला आणि दारावरची मूठ धरली. गाडी विमानतळाच्या गर्दीतून बाहेर पडली. आई आरशात बघत होती, सिग्नल देत होती, मधे घुसणाऱ्या मोटारसायकलवाल्याला "या, या, तुमचाच रस्ता आहे" म्हणत होती. सलिल पाठमोरी आई बघत राहिला. तिचा अंबाडा सीटच्या वर दिसत होता. येरवड्याच्या चौकापर्यंत तो दर ब्रेकला स्वतःचा पायही दाबत होता. नम्रता मागे वळून ते बघून पुन्हा पुढे बघायला लागली.

"तिकडे काय खायचास सकाळी?" आईनं विचारलं.

"सीरिअल. दुधात."

"अरेरे," आई म्हणाली. मग तिला तिकडच्या रस्त्यांबद्दल विचारायचं होतं, कुठल्या बाजूनं चालवतात, गिअर असतात का, म्हाताऱ्या बायका चालवतात का. तो सांगत होता. सांगता सांगता त्याची वाक्यं लांबत गेली, मग तुटत गेली, मग बंद झाली.

बंडगार्डनचा पूल ओलांडताना नम्रतानं मागे बघितलं. सलिलचं डोकं काचेला टेकलं होतं, तोंड किंचित उघडं होतं. मुठीवरचा हात कधीच सुटून मांडीवर पडला होता.

"झोपला," ती हळूच म्हणाली.

मंदाकिनीबाईंनी आरसा किंचित वाकवून त्याच्याकडे एकदा पाहिलं. "लहानपणीही असाच," त्या म्हणाल्या. "भीती वाटत नसेल तरच झोपायचा."

पुढचं नेहमीचं वळण घेतलं असतं तर घर जवळ होतं. मंदाकिनीबाईंनी ते घेतलं नाही. त्यांनी गाडी नदीच्या कडेच्या लांबच्या रस्त्याला घातली, तिसऱ्या गिअरमध्ये, धक्का न देता.